तुलांबेनची डाइव्ह गोट्यांवर ठरते

तुलांबेनला स्कूबा डाइव्हला आलात तर वाळूचा किनारा शोधू नका. आहेत ते गोटे. मुठीएवढे, नारळाएवढे, मध्येच एखादा भोपळ्याएवढा. काळे, गुळगुळीत, पाय ठेवला की गडगडणारे. बालीच्या ईशान्य काठावरचं हे गाव आगुंग ज्वालामुखीच्या मुखापासून सरळ रेषेत साधारण १२ किलोमीटरवर आहे. डोंगराने जे ओकलं ते ओढ्यांनी खाली आणलं आणि समुद्राने घासून गोल केलं. पाण्याखाली हेच गोटे बारीक होत होत काळी वाळू होतात आणि ती वाळू तशीच उताराने खोल उतरत जाते. कार्ड (डाइव्ह शिकल्याचं प्रमाणपत्र), कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा, मनगटावरचा), गाइड या गोष्टी कुठेही सारख्याच. इथली डाइव्ह बिघडते ती बहुतेक वेळा लाट फुटते त्या पट्ट्यात, आत जाताना किंवा बाहेर येताना. त्यामुळे खाली इथल्या प्रसिद्ध बुडालेल्या लिबर्टी जहाजापेक्षा काठाबद्दल जास्त लिहिलंय, ते मुद्दाम.

सानुर किंवा कुटाहून गाडीने अडीच-तीन तास लागतात. दिवसाच्या सहलीने येणारे सगळे साडेनऊ-दहाच्या सुमाराला एकदम उतरतात आणि दुपारपर्यंत जहाजावर गर्दी असते. आदल्या रात्री गावातच मुक्काम केला तर पहाटेची डाइव्ह मिळते, आणि तुलांबेनला यायचं तर ती चुकवू नये. एप्रिल ते नोव्हेंबर हा बरा काळ. डिसेंबर ते मार्च पाऊस असतो, ओढ्यांचं पाणी समुद्रात गाळ आणतं आणि काठावर लाट वाढते. तारखा ठरवताना न्येपी कधी आहे तेही पाहा. हा सण साधारण मार्चमध्ये येतो. त्या दिवशी अख्खं बेट बंद असतं, विमानतळसुद्धा २४ तास. रस्त्यावर माणूस नसतो, मग डाइव्हचा प्रश्नच नाही.

कागदपत्रं पंधरा मिनिटांत उरकतात, पण त्यातल्या दोन गोष्टींवर चांगलं डाइव्ह सेंटर अडून बसतं. एक म्हणजे शेवटची डाइव्ह कधी झाली. कार्ड आयुष्यभर चालतं, सवय चालत नाही. सहा महिने ते वर्षभर पाण्याबाहेर असाल तर पहिली डाइव्ह जहाजावर नाही, कोरल गार्डन नावाच्या जागी उथळात. मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं, रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग) सोडून पुन्हा पकडणं, एका जागी तरंगत राहणं, एवढं तिथे पाहिलं जातं. काहींना यात अपमान वाटतो. वाटू द्या. चाळीस मिनिटांच्या या चाचणीत वजनाचा हिशेबही बसतो, तो पुढचे तीन दिवस कामाला येतो. दुसरी गोष्ट आरोग्याची प्रश्नावली. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. काहींच्या ‘हो’वर मागच्या पानावरचे जास्तीचे प्रश्न भरावे लागतात, काहींच्या ‘हो’वर थेट डॉक्टरांची सही लागते. दमा, रक्तदाबाच्या गोळ्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर निघण्याआधी घरीच ती सही घ्या. तुलांबेनला ऐन वेळी डॉक्टर शोधत फिरण्यात सुट्टीचा एक दिवस जातो, आणि खोटं ‘नाही’ लिहिलं तर ते विम्याच्या दाव्यात नडतं.

पहिल्या पायरीच्या ओपन वॉटर कार्डवर १८ मीटर खोली, पुढच्या ॲडव्हान्स्डवर ३० मीटर, ही मर्यादा इथेही तीच. लिबर्टी जहाजाचा वरचा भाग जेमतेम ५ मीटरवर आहे आणि खालची बाजू ३० मीटरच्या आसपास टेकते, म्हणून ओपन वॉटरवाल्यालाही बरंच काही दिसतं. मात्र गट मिसळू देऊ नका. गटात एकजण १८ मीटरवाला असेल तर गाइडला सगळ्यांना तिथेच ठेवावं लागतं, नाहीतर तो एकटा वर लोंबकळत राहतो. एका गाइडमागे चारपेक्षा जास्त माणसं नकोत. बुकिंग करतानाच आकडा विचारून घ्या.

आता वजन, म्हणजे बुडण्यासाठी अंगाला लावायचं शिसं. इथल्या टाक्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या, ११ लिटरच्या. भरलेली टाकी पाण्यात किंचित बुडते, रिकामी होत आली की तरंगायला लागते, कारण २०० बारपासून (बार हे दाबाचं माप) ५० बारपर्यंत येताना सुमारे दोन किलो हवा आपण श्वासातून सोडून दिलेली असते. तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट आणि ७० किलोचा माणूस धरला तर सुरुवात ४ ते ५ किलो शिशाने करावी. मग तपासणी: कमरेच्या वर पाणी, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) पूर्ण रिकामी, रेग्युलेटर तोंडात, साधा श्वास धरून स्थिर उभं राहायचं. पाण्याची रेघ डोळ्यांशी आली पाहिजे, श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. ही तपासणी ५० बारच्या टाकीने करायची. भरलेल्या टाकीने करत असाल तर वर दोन किलो धरायचे. कमी वजन घेतलेल्याची फजिती डाइव्हच्या सुरुवातीला होत नाही. शेवटी, शरीरातला नायट्रोजन निघावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबताना, टाकी हलकी झालेली असते आणि माणूस बुचासारखा वर निघतो. आणि वर नेमकी लाट फुटत असते.

पाणी एरवी २७ ते २९ अंश. जुलै ते सप्टेंबर ते २५–२६ पर्यंत उतरतं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्याला थंडी भरते. तेव्हा पाच मिलिमीटरचा सूट घ्या, आणि सूट जाड झाला की शिसंही वाढवा. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. बूट मात्र कधीही जाड तळाचेच हवेत. पातळ मोजे घालून या गोट्यांवर टाकी पाठीवर घेऊन चालता येत नाही, शिवाय दुपारी काळा दगड तव्यासारखा तापतो.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, बहुतेक ठिकाणी मिळतो, ३२ टक्के ऑक्सिजनचा, आणि कार्ड असेल तर इथे तो घेण्यात शहाणपणा आहे. ३० मीटरवर हवेने विना-डीकम्प्रेशन वेळ (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं न लागता खाली राहायचा वेळ) तक्त्यानुसार २० मिनिटं मिळतो. ३२ टक्क्यांवर तो बराच वाढतो, आणि ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेने खोलीची हद्द ३३ मीटरवर येते. म्हणजे लिबर्टीचा तळ हद्दीच्या आतच राहतो. पण टाकी स्वतः तपासायची. ऑक्सिजन मोजणारा ॲनालायझर आधी साध्या हवेवर २०.९ ला लावायचा, मग टाकीचा झडप-नळ अगदी हलका उघडायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, टाकीवरच्या पट्टीवर टक्का, जास्तीत जास्त खोली आणि आपलं नाव लिहायचं, वहीत सही करायची. नंतर कॉम्प्युटरवर तोच टक्का. एक चूक वारंवार पाहतो: सकाळी नायट्रॉक्स, दुपारी हवेची टाकी, आणि कॉम्प्युटर अजून ३२ वर. कॉम्प्युटर तुम्हाला जास्तीची मिनिटं देत राहतो, ती तुमच्याकडे नसतात. उलटी चूक, म्हणजे नायट्रॉक्स घेऊन कॉम्प्युटर हवेवर, वेळेच्या बाबतीत निरुपद्रवी आहे. तिथे फक्त खोलीची हद्द स्वतः लक्षात ठेवावी लागते.

सामान जोडून झालं की ते गोट्यांवरून पाण्यापर्यंत नेतात गावातल्या बायका. डोक्यावर चुंबळ, त्यावर बीसीडीसकट टाकी, बऱ्याचदा एकीवर दुसरी. एक भरलेली टाकी १६–१७ किलोची. पायात साधी चप्पल. आपण रिकाम्या हातांनी ठेचकाळत असतो तिथून त्या सरळ चालत जातात. हे त्यांचं ठरलेलं काम आणि हक्काची कमाई आहे. ‘मी माझं मी नेतो’ हा बाणा इथे कुणाचंच भलं करत नाही. ‘इबु’, म्हणजे आई, म्हणावं, दोन्ही हातांनी टाकी उतरवून घ्यावी. परतीला तर टाकी त्यांच्याकडेच द्यावी, कारण डाइव्हनंतर लगेच जड ओझं उचलून चढणं हे शरीरात उरलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीनेही वाईट.

गाइडला ‘ब्ली’ म्हणतात, म्हणजे दादा. ब्ली ब्रीफिंगमध्ये जे सांगेल त्यात तीन आकडे नीट ऐका: परतीला वळायचा दाब, जास्तीत जास्त खोली, एकूण वेळ. आमचा नेहमीचा हिशेब असा. ११ लिटरची टाकी २०० बार म्हणजे सुमारे २,२०० लिटर. निवांत पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा घेतो. सरासरी १४ मीटर खोली धरली तर दाब २.४ पट, म्हणजे मिनिटाला ३६ लिटर. ५० बार राखून १५० बार वापरायचे तर साधारण ४६ मिनिटं मिळतात. घाबरलेला किंवा प्रवाहाशी झगडणारा माणूस २० लिटर आणि वरही घेतो, त्याची डाइव्ह पस्तीस मिनिटांच्या आत आटपते. वळायचा दाब १०० ते ११०, उथळात यायचा ७०, आणि काठाच्या लाटेपर्यंत पोचताना ५०. हे ५० बार ‘उगाच राखीव’ नाहीत. लाट चालू असेल तर शेवटची पाच-सात मिनिटं तोंडात रेग्युलेटर ठेवूनच काढावी लागतात. ती हवा काठासाठी आहे.

आणि आता काठ.

आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र पाहायचा. लाटा गटाने येतात: काही मोठ्या, मग थोडी उसंत. ती उसंत किती टिकते ते मोजायचं. बीसीडी अर्धी फुगवलेली, मास्क चेहऱ्यावर (कपाळावर नाही, कपाळावरचा मास्क पहिली लाट घेऊन जाते), रेग्युलेटर तोंडात, पायांत घालायचे फिन एका हातात पट्ट्यांना धरून. दुसरा हात बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, खांद्यावर. गोट्यांवर पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत सरकवायचं; दगड आधी हलतो का पाहायचं, मग वजन द्यायचं. लाट येताना तिच्याकडे कूस करून, गुडघे वाकवून थांबायचं. छाती समोर केली तर ती उलथवते, पाठ केली तर टाकीवर आपटून पुढे ढकलते. लाट ओसरली की दोन-तीन पावलं. पाणी कमरेच्या वर गेलं की खाली बसल्यासारखं होऊन तरंगायला लागायचं आणि तिथेच फिन चढवायचे, फुटणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडे. फिन आधीच घालून चालण्याचा मोह बोटीवरून डाइव्ह शिकलेल्यांना होतो. फिन दोन गोट्यांमध्ये अडकतो आणि पुढची लाट घोटा मुरगळून देते. इथल्या दुखापतींत घोटा, गुडघा आणि अंगठ्याचं नख यांचाच भरणा जास्त. पडलात तर उठायची घाई करू नका. पालथं व्हा, रेग्युलेटर तोंडात आहेच, हातांनी दगड धरत पाण्याच्या दिशेने रांगा. ओळखीचं कुणी पाहत असेल तर पाहू दे.

दगड धरताना बोटं कुठे जातात ते मात्र पाहा. स्कॉर्पियनफिश आणि स्टोनफिश याच दगडांत दगडासारखे पडून असतात. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४०–४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास ठेवायची. विष उष्णतेने निकामी होत जातं. पाणी किती गरम आहे ते शाबूत हाताने तपासा, दुखऱ्या हाताला ते कळत नाही. मग डॉक्टर.

आत गेल्यावर गोटे संपतात आणि काळी वाळू सुरू होते. काही मिनिटांतच समोर जहाज उभं राहतं. किनाऱ्याच्या इतकं जवळ ते कसं आलं, यातही डोंगराचाच हात आहे. लिबर्टी हे १९१८ साली बांधलेलं अमेरिकी मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी लोम्बोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जायबंदी झालं. दोन विनाशिकांनी ते बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाकडे ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी फार भरल्याने तुलांबेनच्या काठावर चढवून सोडलं. एकवीस वर्षं ते तिथेच पडून होतं आणि लोकांनी कामाचं ते सगळं काढून नेलं. १९६३ मध्ये आगुंगच्या उद्रेकाच्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं आणि उजव्या कुशीवर कलंडलं. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी, काठाला समांतर. आज ते इतकं मोकळंढाकळं दिसतं त्याचं कारण हेच. एक तर आधीच ओरबाडलेलं, त्यात गडगडून मोडलेलं.

मोकळं दिसतं म्हणून आत शिरू नका. रुंद कमानीसारख्या जागा आहेत, जिथून पलीकडचा उजेड सतत दिसतो. गाइड तिथून नेईल. त्याच्या पुढे, जिथे वळण घेतल्याशिवाय बाहेरचं दिसत नाही, तिथे बुडालेल्या जहाजात शिरायचं प्रशिक्षण आणि त्यासाठीचं सामान नसेल तर जायचं नाही. पत्रा शंभराहून जास्त वर्षांचा आहे, वरचे कोरल त्याला वजन देतात, बुडबुडे छताला लागून गंज खाली पडतो. दाबाचा गेज आणि ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर) छातीशी नीट अडकवलेले हवेत. लोंबणारी नळी कुठल्या तरी गजात अडकते आणि लक्षात येत नाही.

पहाटेच्या डाइव्हला पाण्यात शिरायची वेळ सहाच्या आसपास. बम्पहेड पॅरटफिश रात्री जहाजात झोपतात आणि उजाडताच बाहेर पडतात. पूर्ण वाढलेला मासा मीटरच्याही वर, कपाळावर टेंगूळ, तोंडात चोचीसारखे दात. ते एका ओळीत निघतात तेव्हा त्यांच्या वाटेत जायचं नाही. बाजूला, जहाजाच्या अंगाला सरकून, श्वास सावकाश ठेवून पाहायचं. मागे फिन मारत धावलात तर एका मिनिटात दिसेनासे होतात आणि तुमच्या टाकीतले वीस बारही जातात. टॉर्च थेट डोळ्यांवर नको. जॅकचे थवे, बराकुडा, वाळूत गार्डन ईल हे नंतर, जवळजवळ कुठल्याही वेळी दिसतात. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असेल तर तो अंगावर येतो. त्याची हद्द वरच्या बाजूला उलट्या शंकूसारखी पसरत जाते, म्हणून वर पळून उपयोग नाही. आडवं, तळाला धरून, त्याच्याकडे फिन ठेवून मागे सरायचं.

काळ्या वाळूच्या उताराची एक खोड सांगायला हवी. पांढरी वाळू उजेड परत फेकते, काळी गिळते. खोली वाढली तरी तळ तेवढाच अंधारा वाटतो, उतार सलग असतो, मध्ये टप्पा नाही, भिंत नाही. ईलचा फोटो काढायच्या नादात २२ मीटरचे २९ कधी झाले ते कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी कॉम्प्युटर, आणि कॅमेरा हातात असेल तर दर फोटोनंतर. दिशेच्या बाबतीत मात्र हाच उतार मदतीला येतो: जाताना चढ डाव्या हाताला होता तर येताना उजव्या हाताला. होकायंत्र बघायची वेळ क्वचित येते. प्रवाह एरवी सौम्य असतो. जोर वाटला तर जहाजाच्या आडोशाला राहायचं आणि सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला करायची, म्हणजे परतीला तो ढकलत आणतो.

ही वाळू सामानात शिरते, आणि तिचा आवडता अड्डा म्हणजे इन्फ्लेटर, बीसीडी फुगवायची नळी. फुगवायचं बटण दाबलं, सोडलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. कानाशी बारीक फुस्स चालू आणि बीसीडी सावकाश भरतेय. आठ-दहा मीटरवर हे झालं आणि लक्षात आलं नाही तर सरळ वर. उपाय तीन सेकंदांचा आहे: डाव्या हाताने नळी वर धरून हवा सोडायची, उजव्या हाताने कमी दाबाच्या नळीची जोडावरची कडी मागे ओढून ती नळी काढून टाकायची. मग पुढे लागेल तेव्हा तोंडाने फुगवायचं. जोडणी काढायचा सराव काठावर, कोरड्यात, डोळे मिटून दोनदा करून घ्या. बोटांत जाड हातमोजे असतील तर ती कडी सरकत नाही, हेही तेव्हाच कळतं. दुसरी जागा ऑक्टोपसचं तोंड. काठावर पडलात की ते वाळूत घासतं, मग पाण्यात आपोआप हवा सोडत राहतं. आत शिरल्यावर, खाली जाण्याआधी, दोन्ही रेग्युलेटर एकदा हलवून, दाबून, श्वास घेऊन पाहा. कॅमेऱ्याच्या घराची ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) काठावर उघडायचीच नाही. एक काळा कण काळ्या रबरावर दिसत नाही, दहा मीटरवर पाणी आत आल्यावर समजतो. बॅटरी बदलायची तर खोलीत, पंखा बंद करून, कोरड्या हातांनी.

परतताना जहाजापासून उतार धरून चढत यायचं आणि ५ मीटरवर तीन मिनिटं. लाट असेल तर ही थांबण्याची जागा सहा मीटरवर घ्या, कारण वर ओढ जाणवते. पृष्ठभागावर उघड्यात निघू नका. जुकुंग, म्हणजे बाजूला आडव्या दांड्या असलेल्या स्थानिक होड्या, डोक्यावरून जात असतात. तळ धरून शक्य तेवढं काठाजवळ येणं हेच बरं. मग पुन्हा लाटांची उसंत पाहायची, फुटणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर फिन काढून मनगटात अडकवायचे, आणि मोठी लाट गेली की तिच्या मागोमाग चालत यायचं. काठाला पोचेपर्यंत तोंडातून रेग्युलेटर आणि डोळ्यांवरून मास्क काढायचा नाही. लोक गुडघाभर पाण्यात आले की डाइव्ह संपली समजून बडबड सुरू करतात. शेवटची लाट त्याच क्षणी येते.

दुसऱ्या जागांबद्दल थोडक्यात. उपसागराच्या पूर्व टोकाला ड्रॉप-ऑफ आहे. ही लाव्हाची समुद्रात शिरलेली सोंड, उथळात सुरू होऊन ६० मीटरच्याही खाली उतरणारी भिंत. मोठे सी-फॅन, त्यांवर दोन सेंटिमीटरच्या आतले पिग्मी सीहॉर्स. फ्लॅशचे दोन-तीन फोटो पुरे, फांदीला बोट लावून घोडा आपल्याकडे वळवणारा गाइड असेल तर त्याला हाताने खूण करून थांबवा. सेराया या जागी नुसती वाळू आणि लहान जीव: हार्लेक्विन कोळंबी, फ्रॉगफिश, घोस्ट पाइपफिश. तिथे गुडघे टेकायचे नाहीत आणि फिन बेडकासारखे आडवे मारायचे, नाहीतर मागच्या तिघांना राख दिसते. ज्याला तरंगत स्थिर राहणं जमत नाही त्याने सेराया शेवटच्या दिवशी ठेवावं.

काठ जवळ, टाक्या स्वस्तात उचलून मिळतात, त्यामुळे दिवसाला चार डाइव्ह सहज होतात. होतात म्हणून करू नयेत. दोन डाइव्हमध्ये किमान तास, सर्वांत खोल डाइव्ह सकाळी, आणि पाणी पीत राहायचं. उन्हात काळ्या दगडांवर बसून माणूस नकळत कोरडा पडतो. सांधा दुखणं, मुंग्या, विचित्र थकवा, त्वचेवर डाग ही उरलेल्या नायट्रोजनमुळे होणाऱ्या डीकम्प्रेशनच्या आजाराची लक्षणं; यांतलं काही दिसलं तर ‘झोपून बघू’ नाही. लगेच मास्कने १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १५ लिटर, आणि गाडी. बालीतला प्रेशर चेंबर (या आजारावर उपचाराचा, दाब वाढवता येणारा कक्ष) डेनपसारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे, त्याला लोक अजून सांगला म्हणूनच ओळखतात. तिथपर्यंत रस्ता तीन तासांचा. म्हणून डाइव्ह सेंटर निवडताना टाकी पाहण्याआधी ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवायला सांगा. त्यावरचा गेज वाचा, मास्क जोडून दाखवायला सांगा. त्याच फेरीत कॉम्प्रेसर कुठे हवा घेतो तेही पाहून या. जवळ ट्रक सुरू असतात का? धुराचा वास टाकीत येतो. हवा चाखून पाहा. तेलकट किंवा जळकट लागली तर ती टाकी परत.

डोंगराची खबर रोज एकदा घ्यावी. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. २०१७ च्या सप्टेंबरात आगुंग ‘आवास’वर गेला, तेव्हा मुखापासून ९ ते १२ किलोमीटरचा पट्टा बंद झाला, म्हणजे तुलांबेन अगदी कडेवर. नोव्हेंबरात राखेमुळे विमानतळही काही दिवस बंद राहिला. आजही इशारा ‘सियागा’ झाला तर सहल पुढे ढकलण्याचा विचार करा, आणि विम्याच्या कागदात ज्वालामुखीमुळे रद्द झालेला प्रवास धरलाय का ते आधी वाचा.

शेवटची गोष्ट पाण्याबाहेरची आहे. सहलीच्या आखणीत डाइव्हच्या दुसऱ्या पहाटे ‘बातुर सनराइज ट्रेक’, म्हणजे बातुर ज्वालामुखी चढून सूर्योदय पाहणं, हमखास असतं. बातुर १,७१७ मीटर, त्याच्या भोवतीचा किंतामणीचा कडा १,५०० च्या आसपास, आगुंग ३,००० च्या वर. शरीराला ही उंची विमानाच्या केबिनसारखीच: हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठीचा नियम, म्हणजे एका डाइव्हनंतर १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवसांच्या डाइव्हनंतर १८ तास, तोच डोंगराला लावा. म्हणजे डोंगर आधी, समुद्र नंतर, किंवा मध्ये एक मोकळा दिवस. आणि गाडीचं लक्षात ठेवा. उत्तरेकडच्या काठाने फिरून जायचं ठरलं की फोनवरचा नकाशा कधीकधी किंतामणीवरून रस्ता काढतो. त्या वाटेने गेलात तर चौथ्या डाइव्हनंतर दोन तासांत तुम्ही दीड हजार मीटरवर. निघण्याआधी ड्रायव्हरला स्पष्ट सांगा: आम्लापुरा, चांदीदासा, काठाकाठाने. मध्ये एक ठेंगणा घाट लागतो, तेवढाच.